विश्लेषण : निळूभाऊ फक्त ‘वाड्यावरचे’, लक्ष्या फक्त ‘विनोदी’? जुने मराठी सिनेमे आपण रीलपुरतेच बघतोय का?

धनंजय माने कुठे राहतात, हे माहीत नसलेला मराठी माणूस सापडणं आज अवघड आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली आला. आज त्याचे तुकडे स्टेटसला ठेवणाऱ्या कितीतरी जणांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तरीही सिनेमा तोंडपाठ आहे. लग्नाच्या हॉलपासून ऑफिसच्या ग्रुपपर्यंत कुठेही एक वाक्य टाका, पुढचं वाक्य समोरून येतंच.

पण सिनेमा तोंडपाठ असणं वेगळं आणि तो बघितलेला असणं वेगळं. मोबाइलने जुने मराठी सिनेमे वाचवले, हे खरंच. दूरदर्शनच्या शनिवार-रविवारच्या वेळापत्रकावर अवलंबून राहायचे दिवस संपले. पण त्याच मोबाइलने या सिनेमांचा तीस-तीस सेकंदांचा चिवडा केला आणि प्रत्येक नटाच्या वाट्याला एकेक मुद्रा, एकेक वाक्य ठेवलं. निळू फुले म्हणजे वाड्यावर बोलावणारा पाटील. लक्ष्या म्हणजे तोतरं बोलून हसवणारा. डॉक्टर लागू म्हणजे गंभीर. सुलोचनादीदी म्हणजे आई. झालं, फाइल बंद.

पुढे जे लिहिलंय ती समीक्षा नाही. एका चाहत्याची मतं आहेत आणि ती अर्थातच पक्षपाती आहेत. काही पटणार नाहीत, त्याला इलाज नाही.

निळू फुले खरंच ‘खलनायक’ होते का?

मिमिक्रीतले निळू फुले सगळ्यांना येतात. मान थोडी तिरकी, आवाज खर्जात, डोळ्यांत बेरकीपणा. गंमत म्हणजे या नकलेतला माणूस कुणालाच घाबरत नाही. त्याला कशाचीच चिंता नसते. म्हणून तो विनोदी होतो.

आता जब्बार पटेल यांचा ‘सामना’ काढा. विजय तेंडुलकरांची पटकथा, १९७५ च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत असलेला सिनेमा. त्यात फुल्यांचा हिंदुराव धोंडे-पाटील हा साखरसम्राट आहे. गावात भटकत आलेल्या एका दारुड्या मास्तराला तो घरी ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, आपलं साम्राज्य कौतुकाने दाखवतो. हिंदुराव भयंकर वाटतो तो या आदरातिथ्यामुळे. तो ओरडत नाही, धमकावत नाही, पाहुणचार करतो. आणि मास्तर मात्र एकच प्रश्न धरून बसतो, मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढे काय झालं? त्या प्रश्नापुढे हिंदुरावाचा आत्मविश्वास टप्प्याटप्प्याने ढासळत जातो. फुल्यांनी ही भीती एकाही प्रसंगात उघडी करून दाखवलेली नाही. आधीच्या प्रसंगात नजर जितका वेळ स्थिर होती, तितकी पुढच्या प्रसंगात राहत नाही, एवढंच. हे तीस सेकंदांत पकडता येत नाही. त्यासाठी अख्खा सिनेमा बघावा लागतो.

त्याच दिग्दर्शकाच्या ‘सिंहासन’मध्ये (१९७९) तर फुल्यांकडे सत्ता नावाची गोष्टच नाही. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरचा हा सिनेमा. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, डॉ. श्रीराम लागू अर्थमंत्री, सतीश दुभाषी कामगार नेता आणि निळू फुले पत्रकार दिगू टिपणीस. हा माणूस सिनेमाभर काय करतो? ऐकतो. मंत्र्यांच्या दिवाणखान्यात, फोनवर, रस्त्यावर तो ऐकत राहतो. त्याला सगळं माहीत आहे आणि त्यातलं छापता येण्यासारखं फार थोडं आहे. बातमीच्या धंद्यातल्या माणसाला तो चेहरा जरा जास्तच ओळखीचा वाटतो, हे मान्य करायला हवं. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो, तेव्हा त्या हसण्यामागे दोन-अडीच तासांचं ऐकणं असतं. नुसता हसण्याचा तुकडा बघितला तर माणूस बिघडलाय एवढंच कळतं.

पडद्याबाहेरचे निळूभाऊ पुण्यात आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमध्ये माळीकाम केलेले, सेवादलात घडलेले. पुढे लागूंबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी झटणारे. ‘कथा अकलेच्या कांद्याची’सारखं लोकनाट्य, ‘सखाराम बाइंडर’सारखं नाटक आणि १९६८ चा ‘एक गाव बारा भानगडी’ हा पहिला सिनेमा, असा त्यांचा रस्ता. हिंदीवाल्यांनी ‘सारांश’मध्ये (१९८४) त्यांना पुन्हा राजकारणीच केलं, पण तोही चांगलाच केला.

माझं मत सरळ आहे. मराठी सिनेमात निळू फुल्यांइतका कमी हालचालीत जास्त काम करणारा नट झाला नाही. आणि त्यांची जी नक्कल सगळ्यात लोकप्रिय आहे, ती त्यांच्या सगळ्यात सोप्या कामाची आहे.

लक्ष्याचं आपण काय केलं?

हा भाग लिहिताना थोडी चिडचिड होते.

लक्ष्मीकांत बेर्डे ‘टूरटूर’ या नाटकातून पुढे आले आणि महेश कोठारेंच्या ‘धुमधडाका’ने (१९८५) घराघरात पोहोचले. नंतरचं दशक त्यांचंच. पण त्यांना ‘टायमिंगचा बादशहा’ म्हणून आपण विषय संपवतो. टायमिंग म्हणजे काय, हे बघायचं असेल तर ‘झपाटलेला’ (१९९३) पुन्हा लावा, पण या वेळी तात्या विंचूकडे बघू नका. रामदास पाध्येंचा तो बाहुला आहे, सुंदर आहे, पण शेवटी बाहुलाच. तो जिवंत वाटतो, कारण समोरचा माणूस त्याला खरोखर घाबरतोय. घाबरताना विनोदीही दिसायचं आणि तरी भीती खरी वाटली पाहिजे. लाकडी वस्तूसमोर उभं राहून अर्धा सिनेमा हे करून दाखवणं म्हणजे काय, याचा अंदाज आज हिरव्या पडद्यासमोर अभिनय करणाऱ्या कुठल्याही नटाला विचारा.

आणि याच माणसाने १९९२ मध्ये ‘एक होता विदूषक’ केला. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा पु. ल. देशपांडे यांची, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडक यांचं. लक्ष्मीकांत त्यात आबुराव आहे. तमाशाच्या फडात वाढलेला सोंगाड्या, पुढे सिनेमाचा स्टार होतो, मग राजकारणी त्याची लोकप्रियता वापरून घेतात. सगळ्यांना हसवणाऱ्या माणसाला स्वतःसाठी काहीच उरत नाही. ही गोष्ट कुणाची आहे, हे कळायला फार डोकं लागत नाही. त्या काळात महाराष्ट्रात ती लक्ष्मीकांतइतकी कुणाला लागू होती?

सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिकीट खिडकीवर मात्र तो चालला नाही. लक्ष्या आहे म्हणजे हसवणार, म्हणून लोक गेले आणि तो हसवत नाहीये म्हणून नाराज होऊन परत आले. म्हणजे सिनेमात जे सांगितलंय, तेच सिनेमाच्या बाबतीत घडलं. प्रेक्षकाने ज्याच्यावर जीव टाकला, त्याला कपडे बदलायची परवानगी दिली नाही.

हिंदीतही ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’ या दोन प्रचंड चाललेल्या सिनेमांत तो नायकाच्या आगेमागे असणारा, घरातला गडी किंवा मित्र. १६ डिसेंबर २००४ ला तो गेला, तेव्हा पन्नास वर्षांचा होता. दरवर्षी त्या दिवशी आपण काय शेअर करतो? पार्वतीच्या साडीतला फोटो.

साडीतली पार्वती मलाही आवडते, गैरसमज नको. फक्त ‘एक होता विदूषक’ न बघता लक्ष्याचा फॅन म्हणवून घेणाऱ्यांशी माझा वाद आहे.

याच्या उलट अशोक सराफ. ‘बनवाबनवी’त साड्या नेसलेले दोघे हशा नेतात, पण सिनेमा चालतो तो अशोकमामांच्या खांद्यावर. बाकी सगळे गोंधळ घालत असताना एक माणूस घरमालकिणीची समजूत काढतोय, खोट्यावर खोटं रचतोय आणि चेहरा मात्र ऑफिसातून दमून आलेल्या माणसाचा ठेवतोय. ‘पांडू हवालदार’ (१९७५) मध्ये दादा कोंडकेंसमोर उभं राहून लक्षात राहिलेला हा माणूस आहे. महाराष्ट्र भूषण त्यांना २०२३ सालासाठी मिळाला आणि पद्मश्री २०२५ मध्ये. यावर काही बोलायलाच नको.

मोबाइलवर सिनेमा ‘कापला’ जातो म्हणजे नेमकं काय होतं?

इथे इंजिनीअरिंगची पदवी थोडी कामाला येते.

सिनेमास्कोप सर्रास होण्याआधीच्या बहुतेक सिनेमांची चौकट १.३७ : १ अशा प्रमाणात असायची. म्हणजे उंची १०० असेल तर रुंदी १३७. जवळजवळ चौकोनी. तुमच्या घरातल्या टीव्हीचं प्रमाण १६ : ९, म्हणजे उंची १०० तर रुंदी साधारण १७८. हातातल्या बहुतेक नव्या मोबाइलचं २० : ९, म्हणजे १०० ला २२२.

आता जुना सिनेमा या पडद्यावर बसवायचा, तर प्रामाणिक मार्ग एकच, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडायच्या. पण काळ्या पट्ट्या दिसल्या की लोक वैतागतात. मग अपलोड करणारा चित्र मोठं करून रुंदी भरून टाकतो आणि वरचा-खालचा भाग पडद्याबाहेर जातो. १६ : ९ मध्ये असं केलं की मूळ चित्राच्या उंचीचा साधारण २३ टक्के भाग गेला. मोबाइलवर दोन बोटांनी चित्र ताणून पूर्ण स्क्रीन भरली, तर सुमारे ३८ टक्के.

३८ टक्के हा आकडा कोरडा वाटत असेल तर अनंत मानेंचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आठवा. पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये १३१ आठवडे चाललेला तमाशापट, जयश्री गडकर आणि हंसा वाडकर यांचा. लावणी नाचणारी बाई चौकटीत पूर्ण उंचीने उभी असते. डोक्यापासून पायापर्यंत, कारण पायात घुंगरू आहेत आणि नाच तिथे चाललाय. वर-खाली कात्री लावली की आधी काय जातं? पाय. म्हणजे आपण जयश्रीबाईंची लावणी पायांशिवाय बघतो आणि वर म्हणतो की, ‘ठीक होत्या, पण आजच्या मानाने नाचात दम नाही.’

उलटा प्रकारही आहे. महेश कोठारेंचा ‘धडाकेबाज’ (१९९०) सिनेमास्कोपमध्ये काढलेला, म्हणजे रुंद. तो जुन्या चौकोनी टीव्हीवर पूर्ण उंचीत बसवायचा तर बाजूचा ४० टक्क्यांहून जास्त भाग गळतो. गंगारामच्या बाटलीसमोर कोण उभं होतं, ते पडद्याबाहेर.

आवाजाचं वेगळंच. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने चालतो. आपल्याकडची जुनी टीव्ही आणि व्हीसीडीची पद्धत २५ ची होती. तेव्हा सोपा उपाय म्हणजे २४ चा सिनेमा सरळ २५ वर पळवायचा. शंभर मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो, कुणाला कळतही नाही. पण आवाज चार टक्क्यांनी चढतो. पेटीवर एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर जाताना जेवढं अंतर असतं, त्याच्या दोन तृतीयांशाहून थोडं जास्त. अशा जुन्या प्रतीवरून जो सिनेमा इंटरनेटवर चढतो, त्यात निळू फुल्यांचा खर्ज खर्ज राहत नाही, तो पातळ होतो. त्यात मोबाइलचा स्पीकर एवढासा, खालचे स्वर त्याला झेपतच नाहीत. हेडफोन लावा, फरक कळेल.

आणि हल्ली नवीन खूळ, एआयने ‘फोर के’ केलेले जुने सिनेमे. यंत्र जे तपशील मूळ चित्रात नाहीत ते अंदाजाने भरतं. कातडी मेणासारखी गुळगुळीत होते, २४ फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या कल्पनेच्या फ्रेम घुसवल्या जातात आणि माणसं पाण्यात चालल्यासारखी हलतात. दिसायला झकास. फक्त त्या चेहऱ्यावरची बारीक थरथर नटाची आहे की यंत्राची, ते सांगता येत नाही.

‘जुन्या नायिका नुसत्या रडायच्या’ हे कोणी पसरवलं?

ज्याने कुणी पसरवलं, त्याने प्रभातचे सिनेमे बघितले नसावेत.

‘कुंकू’ (१९३७) लावा. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, त्याची बायको व्हायला नकार देते. रडून नाही, ठाम उभं राहून. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा सिनेमा व्ही. शांतारामांनी पार्श्वसंगीताशिवाय केला. घरातल्या, रस्त्यावरच्या खऱ्याखुऱ्या आवाजांवर. त्यामुळे नीरा गप्प असते, तेव्हा खरोखर शांतता असते आणि ती शांतता केशवराव दात्यांच्या काकासाहेबांना सोसवत नाही. दात्यांचंही काम असं की या म्हाताऱ्याचा आधी राग येतो आणि नंतर कीव. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी वर्षं होऊन गेली, हा सिनेमा अजून शिळा झालेला नाही.

शांता आपटे पडद्याबाहेरही तशाच. करारावरून कंपनीशी वाजलं, तेव्हा १९३९ मध्ये त्या प्रभातच्या फाटकासमोर उपोषणाला बसल्या. पुढच्या वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ नावाचं पुस्तक लिहून या धंद्यातल्या पिळवणुकीबद्दल सांगितलं. स्टारने मालकाच्या दारात उपोषण करणं आजही बातमीचा मथळा होईल.

दुर्गा खोटे म्हटल्यावर बहुतेकांना ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई आठवते. पण त्याच दुर्गाबाई १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात तारामती होत्या आणि १९३६ च्या ‘अमरज्योती’मध्ये चक्क समुद्री चाच्यांची राणी. ‘संत तुकाराम’मधली (१९३६) गौरी यांची जिजाई तर मला विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामापेक्षा जास्त आवडते. पागनीस अप्रतिमच आहेत, त्यांच्या चेहऱ्यावरचा निरागसपणा शिकवून येणारा नाही. पण घरात दाणा नाही, पोरगं आजारी आहे आणि नवरा अभंगात, अशा वेळी ही बाई पायताण घेऊन थेट विठ्ठलाला जाब विचारायला देवळात जाते. तुकाराम आकाशाकडे ओढतो, जिजाई सिनेमाला जमिनीवर धरून ठेवते. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ मध्ये या सिनेमाचं कौतुक झालं, त्यात माझ्या मते अर्धा वाटा जिजाईचा.

स्मिता पाटीलबद्दल मी मुद्दाम कमी लिहितोय, कारण तिच्यावर कमी लिहिलं गेलेलं नाही. एवढंच की ‘भूमिका’ (१९७७) बघितला असेल तर ‘सांगत्ये ऐका’ बघाच. त्यातल्या हंसा वाडकरांच्या आयुष्यावरूनच श्याम बेनेगलांचा तो सिनेमा निघाला आणि त्यांच्या आत्मकथनाचं नावही ‘सांगत्ये ऐका’च आहे. हंसाबाईंचं स्वतःचं काम बघून मग स्मिताने त्यातून काय उचललं ते बघणं, याइतकी मजा नाही.

दादा कोंडके : चहाटळ की चतुर?

घरात टीव्हीवर दादांचा सिनेमा लागला की काका आवाज कमी करायचे आणि काकू स्वयंपाकघरातून हसायच्या, असं बऱ्याच घरांत झालंय. दादांवरचा आक्षेप ठरलेला असतो, द्व्यर्थी. नंतरच्या सिनेमांबद्दल तो खराही आहे. तिथे विनोद आधी आणि गोष्ट नंतर सुचलेली दिसते.

पण ‘सोंगाड्या’ (१९७१) वेगळा आहे. त्याची लेखणी वसंत सबनीसांची, ज्यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने दादांना रंगभूमीवर नाव दिलं. भोळा, आईच्या धाकातला, अर्धी चड्डी आणि लोंबती नाडी असलेला नाम्या. तो बाष्कळ बोलतो, पण त्याच्याकडे सत्ता नाही. लोकनाट्यातल्या सोंगाड्याचं काम हेच, येड्याचं सोंग घेऊन शहाण्यांचे कपडे काढायचे. गिरणगावात वाढलेल्या दादांना समोर बसलेला प्रेक्षक कोण आहे हे पक्कं माहीत होतं. दादर-नायगावातल्या कामगाराला आपला माणूस पडद्यावर दिसला आणि सिनेमे रौप्यमहोत्सव करत सुटले. सलग नऊ सिनेमांच्या रौप्यमहोत्सवाची नोंद गिनेस बुकात झाली ती याच प्रेक्षकाच्या जोरावर.

आणि एक गोष्ट सहसा कुणी जोडत नाही. ‘सोंगाड्या’ लिहिणारे सबनीस आणि ‘अशी ही बनवाबनवी’ लिहिणारे सबनीस एकच. सतरा वर्षांच्या अंतराने, एकदा गावाकडच्या मुंबईकराला आणि एकदा भाड्याची खोली शोधणाऱ्या पुणेकराला हसवणारा एकच लेखक. नट आपल्याला पाठ असतात, लेखकाचं नाव रीलमध्ये येत नाही.

‘ढापलेला’ आहे म्हणून कमी दर्जाचा?

हा वाद कमेंट्समध्ये ठरलेला आहे, म्हणून पटकन उरकू. होय, ‘बनवाबनवी’ हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वर (१९६६) आहे. ‘धुमधडाका’ची गोष्ट तमीळमधून हिंदीमार्गे आली. ‘पिंजरा’मागे (१९७२) ‘द ब्ल्यू एंजल’ हा १९३० चा जर्मन सिनेमा आहे. पण रस्ता दुहेरी आहे. राजा परांजपेंचा ‘पाठलाग’ (१९६४) दोन वर्षांत हिंदीत ‘मेरा साया’ झाला. म्हाताऱ्या आईबापांची मुलांमध्ये वाटणी होते, ही ‘बागबान’ची गोष्ट परांजपेंच्या ‘ऊन पाऊस’मध्ये (१९५४) जवळपास पन्नास वर्षं आधी येऊन गेली होती आणि माझ्या मते जास्त संयमाने.

मूळ कुठलं हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. जर्मन प्राध्यापकाच्या जागी गावातला आदर्शवादी गुरुजी आला, तमाशाच्या फडात गेला आणि तिथे डॉ. लागू नावाचा कान-नाक-घशाचा सर्जन पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या भूमिकेत उभा राहिला. त्यानंतर ‘सामना’त तोच नट पुन्हा एक कोसळलेला मास्तर करतो आणि दोन्ही मास्तर एकमेकांसारखे अजिबात वाटत नाहीत. गोष्ट उसनी असेल, हे उसनं नाही.

मग घाई कशाची आहे?

घाई आहे, कारण सिनेमा ही वस्तू टिकाऊ नाही. सुरुवातीच्या दशकांतली फिल्म नायट्रेटची असायची. ती आपोआप कुजते आणि एकदा पेटली तर विझवणं महाकठीण. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातल्या अशाच नायट्रेट रिळांना आग लागली आणि प्रभातच्या काळातला मूळ ठेवा जळाला. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’, ज्यात तरुण शांताराम स्वतः शेतकरी झाले होते, तो आज बघायलाच मिळत नाही. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याचीही प्रत उरलेली नाही. दादासाहेब फाळकेंच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे (१९१३) जे तुकडे आपण बघतो, ते मूळ सिनेमाचे की फाळकेंनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीचे, यावर अभ्यासक वाद घालतात.

त्यामुळे उरलेल्या सिनेमांच्या बाबतीत साधी मागणी आहे. ज्यांच्याकडे हक्क आहेत, त्यांनी चौकट न कापता, योग्य वेगाने, श्रेयनामावलीसकट सिनेमे उपलब्ध करावेत. पैसे घ्या, हरकत नाही. प्रेक्षक देतील. ‘बनवाबनवी’ पाठ असलेला प्रेक्षक ‘एक होता विदूषक’साठी शंभर रुपये खर्च करणार नाही, हे गृहीत कुणी धरलं?

बघायला सुरुवात कुठून करायची, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर जरा वाकडं आहे. ‘सामना’, ‘कुंकू’ वगैरे आहेतच, पण आधी फाळकेंचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) शोधा. मूकपट आहे आणि त्याचा बराच भाग शिल्लक आहे. त्यात कृष्ण झालीय फाळकेंची मुलगी मंदाकिनी. ज्या काळात बायकांची कामंही पुरुष करायचे, फाळकेंच्याच ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले होते, त्या काळात एक लहान मुलगी कृष्ण झालीय. सिनेमा सुरू होताना फाळके आधी तिचा नुसता चेहरा दाखवतात. हसू, राग, भीती, एकामागून एक. गोष्ट अजून सुरूही झालेली नाही. मोबाइल आडवा धरा, काळ्या पट्ट्या राहू द्या आणि तेवढा भाग स्क्रोल न करता बघा.